चाचींच्या परसातलं सीताफळ

श्रीरामपूर रस्त्यावरच्या एका वस्तीवर, चाचींच्या मोरीमागे आज जे सीताफळाचं झाड उभं आहे, ते त्यांच्या जुन्या झाडाचं कलम नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या चाचींना तर नाहीच.

मी फळझाडांच्या संशोधन केंद्रात नोकरी करतो. एका अंगाला रताळी आणि सुरणाचे वाफे, दुसऱ्या अंगाला चिंच, बोर, सीताफळ. आमचं काम ऐकलं की लोक हसतात. गावोगाव हिंडायचं, चांगलं सीताफळ दिसलं की खायचं, गर तोलायचा, बिया मोजायच्या. माझा मेहुणा म्हणतो, सरकार तुम्हाला बिया थुंकायचा पगार देतं. यात अतिशयोक्ती आहे. आम्ही थुंकत नाही, बशीत काढून ठेवतो.

अशाच एका फेरीत, ज्यांना सगळी वस्ती चाचा-चाची म्हणते त्या शेतकरी जोडप्याच्या विहिरीच्या काठावर ते जुनं झाड सापडलं. फळ मोठं, गर रवाळ, आणि बिया इतक्या कमी की मला वाटलं, बोलण्याच्या नादात मीच गिळल्या. मी गंभीरपणे म्हणालो, "चाचा, यावर संशोधन व्हायला पाहिजे."

"करा की," चाचा म्हणाले. "आमी तर दात आल्यापासनं करतोय."

माघात पानं गळाली, तेव्हा काड्या घ्यायला गेलो. कलमाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायच्या, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी काड्या कापल्या, जुडी बांधली आणि जीपच्या पुढच्या काचेपाशी टाकली. गोणपाट भिजवायला पाणी मागणार, तोच ओट्यावरून चाचींची हाक आली, "साहेब, रस्सा निवतोय! काड्या काय पळून जात्यात व्हय?"

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आजोबांनी भिक्षुकी केली, वडिलांनी शाळेत पोरं शिकवली. त्या दोघांच्या पुण्याईची मी चाचींच्या कोंबडीपुढे अजिबात पर्वा केली नाही. भाकरी येत राहिली, मी नको नको म्हणत ताट पुढे करत राहिलो.

"सरकारी मान्सं लई हळू जेवत्यात," चाची म्हणाल्या.

"काम बी तसंच करत्यात," चाचा म्हणाले.

सगळे हसलो. बाहेर जीप उन्हात तापत होती.

केंद्रावर येऊन त्या काड्या बियांपासून वाढवलेल्या रोपांच्या शेंड्यावर प्लास्टिकच्या पट्टीने बांधल्या. काही दिवसांनी हिरवे फुटवे दिसायला लागले. मी ते जाता-येता लांबूनच बघायचो आणि खूश व्हायचो. मग एका दुपारी चाचांचा फोन आला. "साहेब, विहीर रुंद करायचीय. जेसीबीवाला शेजारच्याच रानात आलाय. झाड मधी येतंय. काय करू?"

"खुशाल काढा," मी म्हणालो. "कलमं जगलीत."

फोन ठेवला आणि तेव्हा कुठे रोपांपाशी जाऊन वाकून बघितलं. फुटवे पट्टीच्या खालून आले होते. वर बांधलेली चाचींच्या झाडाची काडी वाळून खडखडीत. फुटला होता खालचा खुंट, कुठल्या तरी बाजारच्या सीताफळाच्या बीचा. पुढचं रोप बघितलं, तेही तसंच. त्याच्या पुढचंही.

मोबाईल हातातच होता. पण "काढू नका" म्हणायचं तर का, तेही सांगावं लागणार. मी स्वतःची समजूत घातली, की सांगितल्या दिवशी काम होतंय कुठे आपल्याकडे. सरकारी माणसाला जेसीबीही सरकारीच वाटतो. सकाळी फोन केला तर चाचा मजेत. "झालं बी काम! झाड गेलं, पन तुमी हाय म्हनून जिवाला घोर न्हाई."

"बरं झालं," मी म्हणालो.

आमच्याकडे रीत आहे, ज्याच्या झाडाची काडी त्याच्या दारात पहिलं कलम. मोठ्या साहेबांनी मुद्दाम आठवण करून दिली. मग त्या फसलेल्या कलमांतलंच एक सरळ वाढलेलं रोप निवडलं, वाळकी काडी छाटली, पट्टी सोडली आणि घेऊन गेलो. विहिरीपाशी आता जागा नव्हती, म्हणून चाचींनी ते मोरीमागे लावलं. पानावरून हात फिरवून म्हणाल्या, "अगदी आईच्या तोंडावळ्यावर गेलंय." सीताफळाचं पान बघून फळ ओळखता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

झाड फळायला लागलं आणि बियाच बिया. चाचांना चेष्टेला विषय मिळाला. "साहेब, हे तुमच्या ऑफिसात न्या. मोजायला लई दिवस पुरंल." मग चाचींकडे वळून, "हिच्या मोरीच्या पान्यानं झालं. लेकराला साबन पाजला हिनं." मीही हसलो. चाची हसल्या नाहीत. त्यांनी मोरीच्या पाण्याला दुसरीकडे चर काढून घेतला, आणि तेव्हापासून दुखऱ्या गुडघ्यांनी विहिरीचं पाणी कळशीने आणून झाडाला घालतात. सून म्हणते पाईप टाकू. ह्या ऐकत नाहीत. चूक आपली, तर आपणच निस्तरायची, असं त्यांचं.

गेल्या दिवाळीच्या आधी मी सांगायचं ठरवूनच गेलो होतो. चाचींनी माझ्यापुढे एक फळ ठेवलं आणि चाचांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "साहेब, औंदा बिया कमी झाल्यात ना?"

मी फळ फोडलं. बिया होत्या तेवढ्याच होत्या. चाची फळाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"थोड्या कमी वाटतात," मी म्हणालो.

चाचींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "म्हनलं न्हवतं मी!" असं चाचांना ओरडून सांगत त्या उठल्या आणि कळशी घेऊन पुन्हा विहिरीकडे निघाल्या.

जुनं झाड मी आता कुठूनही आणून देऊ शकत नाही. पण त्यांच्या पाण्यात कधीच दोष नव्हता, दोष माझा होता, हे चाचींच्या समोर बसून सांगण्याचं देणं मी लागतो, आणि ते मी अजून फेडलेलं नाही.