घरी राहिलेला कागद
जास्वंदीचं पान हातात आलं की मुलीचा इग्वाना आठवतो. तो परदेशी सरडा हीच पानं खायचा. आजारी पडला म्हणून त्याला टोपलीत घालून आम्ही पुण्याच्या डॉक्टरकडे निघालो होतो. सोलापूर स्टँडवर, तापलेल्या एसटीत, कंडक्टर टोपलीत डोकावला. “अवो, घोरपड हाय की ही! पाळायला बंदी हाय. उतरा खाली.” “काका, हा परदेशी आहे. पप्पांनी नोंदणी केलीय,” मुलगी म्हणाली. “मग कागद दाखवा की!” मी म्हणालो, “घरी राहिला.” उतरलो. दुसऱ्या दिवशी इग्वाना गेला. वनखात्याचा तो नोंदणीचा कटकटीचा ऑनलाइन अर्ज मी दोनदा अर्धवट भरून वैतागून सोडला होता, आणि मुलीला ‘झालं’ सांगितलं होतं. परवाही ती चिडून म्हणाली, “नियमांनी मारलं त्याला.” मी मान डोलावली.