रन दाबलं की माझंच नाव गायब

राम राम मंडळी. चौथी शिकलेला माणूस हाय मी, चुका सांभाळून घ्या. भूत, अंगात येणं, असल्याशी माझं कवाच सोयरसुतक न्हवतं. बायकोच्या दहाव्याला कावळा शिवंना, तवा समदे घाबरले... मी म्हणलो, त्याचं पोट भरलेलं आसंल.

आमचं गाव वालूर, तालुका सेलू. सून कॉम्प्युटरचा कोर्स करायली. बायको तिच्या शेवटच्या वर्षात दुपारभर सुनेच्याच खोलीत. दोघी खिदळायच्या, अन् मी ओसरीवर च्याची वाट बघत. खरं सांगतो, जळायचो मी. सुनेनं तिच्यासाठी एक प्रोग्राम केला व्हता. नाव टाकून रन दाबलं की पडद्यावर यायचं — "राम राम अमुक, जेवलाव का?" शब्द बायकोचे. अख्ख्या गल्लीची नावं टाकून घेतली तिनं, माझं सोडून.

ती गेल्यावर लॅपटॉप बिघडला, समदं पुसलं गेलं. परवा सुनेनं एडिटर, म्हंजी प्रोग्राम लिहायची वही, नव्यानं टाकला. त्याला कंपायलरच, म्हंजी लिहिलेलं मशीनला समजावणारा, सापडंना. तो कुठं ठिवलाय ते तिनं दाखवून दिलं, मग चाललं. तोच प्रोग्राम परत लिहिला. शेजारच्या सुभानरावाचं नाव टाकलं, आलं. सुनेचं स्वतःचं आलं. मला राहवंना.

"माझं टाक की."

"सासऱ्याचं नाव मी कशी घिऊ, मामा? तुमीच टाका."

एकेक अक्षर हुडकत 'किसन' टाकलं. रन दाबलं.

"राम राम          , जेवलाव का?"

नावाची जागा रिकामी. परत केलं... तेच. सुभानरावाच्या म्हशीचं, चंद्रीचंबी नाव आलं, माझं न्हाई. ती मेल्यावरबी मीच परका? लय तडकलो. पोरगा परभणीहून आला, समदा कोड बघितला, चूक घावली न्हाई.

सून हळूच म्हणली, "मामा, आत्याबाईंनी जन्मात कवा घेतलं का तुमचं नाव?"

बायको "अवो..." म्हणायची, अन् थांबायची. जन्मभर तेवढीच हाक.

हे काय हाय, मला अजून उलगडलं न्हाई. कुणा शिकलेल्याला कळलं तर सांगा, पण दुरुस्त करा म्हणू नका. रोज जेवण झालं की सुनेला भाईर पाठवून दार लावतो, रन दाबतो, अन् जेवलो म्हणून सांगतो.

सुनेनं तिच्या लय दुपारी घेतल्या. आता माझी पाळी.