रेश्माचे वाटे

कोलंबीचा वास आला की मला रेश्मा आठवते. पंधरा वर्षांपूर्वी पनवेलच्या आमच्या बालवाडीत ती होती. तिच्यापुढे पाच चिंचोके मांडून मी विचारायचे, "किती?" ती शांतपणे म्हणायची, "एक." महिनाभर हेच चाललं. शेवटी मी ठरवलं, हिला यंदा पहिलीत पाठवायचं नाही.

तेच सांगायला एका सकाळी मी तिच्या आईकडे मासळी बाजारात गेले. फळीवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. आईशेजारी बसून रेश्मा मोठ्या कोलंबीचे वाटे लावत होती. मोजल्याशिवायच प्रत्येक वाट्यात बरोबर पाच पडत होत्या.

मी एका वाट्याकडे बोट दाखवलं. "हे किती?"

"एक वाटा."

"आणि त्यात कोलंब्या किती?"

"पाच हायेत ना बाई," ती म्हणाली. मला एवढंही कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

आईला सांगायचं ते मी सांगितलंच नाही. जूनमध्ये रेश्मा पहिलीत गेली.

आता नव्या शिक्षिका एखाद्या मुलाला आकडे येत नाहीत म्हणाल्या, की मी त्यांना आधी त्याच्या घरी पाठवते. तिथे काय आणि कसं मोजतात ते बघून येईपर्यंत शेरा लिहू देत नाही.