आडवे केलेले तीन पाइप

कचरा डेपोवर त्याला सगळे ‘इस्त्री’ म्हणत. तीस वर्षं त्याने तिथे रोलर चालवला, आणि त्याने दाबलेल्या कचऱ्यावर सुरकुती दिसली तर शपथ! साहेब पाहणीला आले की त्याचाच भाग दाखवत. गडी फुगायचा, आणि तिथेच घोडं पेंड खायचं.

कारण ढिगात भोकं पाडलेले पाइप उभे असत. आत हवा न लागता कचरा कुजतो, त्याचा वायू या पाइपांनी गोळा करून जाळायचा, म्हणजे तो आभाळात जाऊन पृथ्वीचा ताप वाढवत नाही. ढीग चढेल तसा पाइपही वर जोडत न्यायचा. पण पाइपाला वळसा घालायचा म्हणजे भोवती उंचसखल राहणार, आणि ते इस्त्रीच्या डोळ्यांत सलायचं. एका सकाळी त्याने तीन पाइप आडवे केले, वर माती ओढली. कोणाला कळतंय? खरंच कोणाला कळलं नाही.

पुढे धाकटी लेक तिथेच वायू मोजायच्या नोकरीला लागली. एका संध्याकाळी ती ताटावर नुसतीच बसून राहिली.

“बाबा, नकाशातले तीन पाइप सापडतच नाहीत. साहेब म्हणतात, तुला नकाशा वाचता येत नाही. उद्या काम दुसऱ्याला देणार.”

इस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला. गप्प बसलं असतं तर लेकीच्या नजरेतला बाप तसाच राहिला असता.

“नकाशा बरोबर आहे गं,” तो म्हणाला. “ते पाइप मी गाडलेत.”

ती ताट उचलून आत निघून गेली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

सकाळी दोघं ढिगावर चढले. खालून झिरपणाऱ्या वायूने गवत जागोजागी जळालेलं होतं, पण त्यातले तीन डाग त्याच्या ओळखीचे होते. निवृत्तीनंतर त्या बाजूला फिरकायचंही त्याने टाळलं होतं. लेकीने मीटर जमिनीला टेकवला. आकडा सरसर चढला.

“नवा पाइप घालता येईल,” ती म्हणाली. “इतकी वर्षं गेलेलं काही परत येत नाही. कधी केलंत हे?”

“तू पहिलीत होतीस. दुपारी तुला बापाचं काम दाखवायला आणणार होतो. म्हटलं, सगळं सपाट दिसावं.”

ती आकड्याकडेच बघत राहिली.

“आठवतंय,” ती म्हणाली. “मी टाळ्या वाजवल्या होत्या.”