पंचमीच्या तीन दिवसांची ओल

नुजहत भोरच्या कॉलेजात तासावर गणित शिकवायची. चौतीस वर्षांची, त्यातली आठ पीएचडीला जुंपलेली. विषय असा, की तिच्या अब्बांनी एकदा विचारला अन् पुन्हा तोंड उघडलं नाही: अपूर्णांकी अवकल समीकरणं आकडेमोडीनं सोडवायची.

पालीच्या रतनबाईला मात्र तिनं बांधावर बसून उलगडून सांगितलं होतं. "साध्या समीकरणाला कालची ओल सांगितली की ते आजची सांगतं. ह्याचं तसं न्हाई मावशी. ह्याला पहिल्या दिवसापासनं सगळं लागतं. पायरी एक पुढं, अन् दरवेळी मागचं सगळं उगाळायचं."

"म्हंजी माझ्या सासूवानी," रतनबाई म्हणाली. "लग्नात लुगडं हलकं आलं, ते मरंस्तवर बोलली."

रतनबाईचं डोंगराच्या पोटाला नाचणीचं वावर. पावसानं उघडीप दिली की तिथली ओल कशी उतरते, ते नुजहतच्या पद्धतीनं सांगायचं आणि मातीनं खरं ठरवायचं, एवढंच प्रबंधात उरलेलं. त्यासाठी तिनं ओल मोजायचं लोखंडी दांडीचं यंत्र दिलेलं. रोज सकाळी दांडी मातीत खुपसायची, वरचा आकडा वहीत उतरवायचा. गेल्या श्रावणात एकोणीस दिवस उघडीप पडली. वहीत त्यांचे एकोणीस आकडे. एक खाडा नाही.

आणि गणित जुळेना. पायरी निम्मी केली, पाव केली. उत्तरं आपसात जुळत, मातीशी नाही. आठ महिने नुजहत स्वतःचीच चूक हुडकत बसली. सुरुवातीचे आकडे हलत नव्हते, तर माती आधी ओल धरून ठेवते म्हणून त्यावर दोन पानंही लिहिली. पीएचडीचे मार्गदर्शक सर म्हणाले, "पद्धतच लंगडी असंल. प्रबंधाची मुदत दोनदा वाढवून झाली, आता नऊ दिवस राहिलेत."

त्याच दिवशी, भर वैशाखात, ती वही घेऊन एसटीनं पालीला गेली.

"मावशी, उघडिपीच्या ह्या पहिल्या तीन दिवसांत पावसाचा शिरवा आलता का?"

"न्हाई गं. ऊन व्हतं चांगलं."

"मग आकडा हलला कसा न्हाई?"

"पंचमी व्हती की! आमच्या बांधाला वारूळ हाय. तवापासनं तीन दिस लोखंड लावत न्हाई आमी मातीला. विळा बी न्हाई. तुजी वही मोकळी दिसाया नगं, म्हून आदल्या दिसाचाच आकडा लिवला."

"मला सांगायचं तरी."

"त्यात काय सांगायचं? इनमिन तीन दिस. बाकी सोळा खरं हायेत का न्हाई?"

नुजहतनं त्या तीन आकड्यांवर बोट ठेवलं. ओल सगळ्यात झपाट्यानं उतरते ते हेच तीन दिवस. साधं समीकरण असतं, तर चौथ्या दिवसापासून धरून मोकळी झाली असती. इथं ते तीन, पुढच्या सोळांच्या बोडक्यावर बसलेले. पद्धत बिचारी खरं सांगत होती, अन् हिनं तिलाच चोर ठरवलं. आता खरं करायला ओल कुठली आणायची? वावर करपून दगड झालेलं. रागवायचं तर कुणावर? वहीत एक रकाना मोकळा ठेवू नका, हे तिनंच बजावलेलं.

"औंदा लाकडाची दांडी आण," रतनबाई म्हणाली. "लाकूड चालतं. पाऊस आता दीड म्हैन्यावं आलाय."

"माझ्याकडं नऊ दिवस हायेत, मावशी."

"मग थांबा म्हणावं त्यास्नी. माती काय पळून जातीय?"

नुजहतनं कोरा चहा संपवला, वही परत दिली. रतनबाईनं ती पदरानं पुसली अन् फडताळात यंत्राशेजारी ठेवून दिली.