डाव्या हाताची कात्री

गुलाबकाकूंचा हात उलटा, हे सगळ्यांना माहीत होतं. लहानपणी आईने तो पाठीमागे बांधून पाहिला, मास्तरांनी त्यावर छडी मारून पाहिली. हात काही सुलटा झाला नाही. काकू हट्टी आणि हात त्यांच्याहून हट्टी. दवाखान्याच्या बागेतले गुलाब त्यांच्या ताब्यात आले तेव्हापासून माणसं त्यांना गुलाबकाकूच म्हणू लागली, आणि खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं.

आजवर जोर लावून निभावलं, पण यंदा मनगट सुजलं. छाटणीची कात्री दाबली की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायची, आणि फांदी कापली जाण्याऐवजी चेंगरायची. चेंगरलेली फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते. अशा काळ्या टोकांनी अर्धा वाफा भरला, तेव्हा बागेचे मुकादम जवळ येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, म्हणून ते बोलणं जास्तच लागलं.

"काकू, सोमवारी बघतो. नाहीच जमलं तर गुलाब दुसऱ्याकडे देऊ. तुम्ही कुंड्यांना पाणी घाला, हाताला आराम पडेल."

कुंड्यांना पाणी. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी दोन-चार भांडी आपटली आणि मग एकदम खाली बसल्या.

"हात गेला माझा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गुलाबही जाणार."

नवरा शिंपी. उभा जन्म कात्रीत गेलेला. "हात कशाला जातोय? कात्री बोथट झाली असेल. चल, नवी घेऊ." लोकांचे कपडे कधी वेळेवर न देणारा हा माणूस भर दुपारी दुकान बंद करून बायकोबरोबर निघाला.

अवजारांच्या दुकानात काकूंनी एकेक कात्री धरून पाहिली. एकीच्या मुठी इतक्या फाकायच्या की बोटं पुरेनात. दुसरीची स्प्रिंग दाबता दाबता घाम फुटला. तिसरी हलकी, रबरी मुठीची, तळहातात छान बसली. पण दुकानदाराने दारातल्या कुंडीतून तोडून दिलेली काडी तिनेही चावलीच.

"हाताचाच दोष," काकू पुटपुटल्या.

शिंपी त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होता. कापडाच्या कात्रीला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्याचा कायदा, आणि काकूंनी तो संसारभर पाळला होता. त्यामुळे बायको कात्री कशी धरते, हे तो आज पहिल्यांदाच बघत होता. पातं आतल्या अंगाला, नजरेआड. मूठ दाबली की पाती जवळ यायच्या ऐवजी फाकत होती. मिटायचा खटकासुद्धा भलत्याच बाजूला.

"अगं, ही उजव्या हाताची कात्री आहे."

"कात्रीला कसला आलाय डावा-उजवा?"

"असतो. कात्रीवर पोट भरतो आणि मला हे आज सुचतंय. अक्कल गहाण ठेवली होती मी."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. आत जाऊन मागच्या फळीवरचं धुळीने माखलेलं एक खोकं घेऊन आला. "ही उलटी जोडून आलीय म्हणून बाजूला टाकली होती. नेणारा प्रत्येक जण परत आणून देतो."

काकूंनी ती डाव्या हातात घेतली. खटका आपसूक अंगठ्याखाली आला. काडी पात्यात धरली, दाबली, आणि खट्कन दोन तुकडे. काकू त्या स्वच्छ कापाकडे बघत राहिल्या. त्यांना आनंद झाला, आणि इतकी वर्षं आपल्याच हाताला बोल लावल्याचा रागही आला. मग त्यांनी ती काडी कापून कापून काउंटरवर तिचा चुरा केला.

सोमवारी ऊन वर यायच्या आत काकू वाफ्यात उतरल्या. सूज अजून होतीच, पण हात भराभरा चालत होता. प्रत्येक काळं टोक हिरव्या जागेपर्यंत खाली आणलं, प्रत्येक फांदीला कोंबाच्या डोळ्याच्या जरासं वर तिरका काप दिला. मुकादम आले तेव्हा वाफा आरशासारखा लख्ख होता. त्यांनी एका कापावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून.

"गुलाब तुमच्याकडेच," ते म्हणाले. "बघू ती कात्री."

त्यांनी ती उजव्या हातात घेऊन एक फांदी दाबली. फांदी चेंगरली. पुन्हा दाबली, तर सालीला लोंबकळत राहिली.

"काकू, बिघडलेली दिसतेय ही."

काकूंनी कात्री परत घेतली, लोंबणारी फांदी एका दाबात उतरवली आणि खटका लावला.

"कात्री ठणठणीत आहे, मुकादम. तुमचा हात उलटा आहे."