डोरीनची काडी आणि मांजराचा माग

डोरीन नापुरुला ही बाई माणूस ओळखते ते तोंडावरून नव्हे, पावलावरून. वाळवंटातल्या त्यांच्या वस्तीत सकाळी कोण कुणाच्या दारात जाऊन आलं, हे तिला चहा पिता पिताच कळतं. त्यापायी दोन-तीन संसार मोडता मोडता राहिले आणि एक मोडलाच. पण ती म्हणते, "म्या काय केलं? पाय त्येचं, वाळू समद्यांची."

जन्म तिचा लाल टेकाडाआड, उघड्यावर. पहिल्यांदा मोटार आली तेव्हा ती आठेक वर्षांची असेल. मोटारीला ती भ्याली नाही, चाकोरीला भ्याली. एवढं लांबलचक पाऊल, आणि कुठं उचललेलंच नाही!

तेव्हा या वाळूत पोटाला पिशवी असलेली जनावरं रगड होती. सशाएवढी टुणटुण उडणारी माला, बिळात सगळ्या गोतावळ्यासकट राहणारं मितिका, वाळूत पोहत गेल्यागत जाणारं आंधळं काकारातुल. माला आणि मितिका या भागातनं नाहीशी झाली. काकारातुल आहे, पण दिसतंय कुणाला? उरला तो लांब कानांचा, निळसर अंगाचा निनू. त्याची पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे बीळ उकरताना पोराच्या तोंडात माती जात नाही. "आमच्यापरीस श्यानी हाय निनूची बाई," असं डोरीन म्हणते.

डोरीनची लेक शेरिल रान राखायच्या कामावर आहे. तिच्या गाडीतनं डोरीन आणि तिची नणंद एल्सी निनूची बिळं बघत फिरतात. परवाच्या थंडीत बाभळीच्या झुडपाखाली एक बीळ गावलं. आत पोर होतं. पिशवीत मावेना म्हणून आईनं खाली ठेवलेलं. ती चरून यायची आणि त्याला पाजायची. त्या अंगाला निनूचं तेवढं एकच घर उरलं होतं.

आता चालता चालता काडी ओढायची, ही या बायकांची जन्माची खोड. काटेरी गवत जरा जरा जाळलं की कोवळा फुटवा येतो, घोरपडीचा माग दिसतो, उन्हाळ्यात मोठा वणवा पेटत नाही. परततानाही डोरीननं सवयीनं खिशातला लायटर काढून एक गवताचा गड्डा पेटवला आणि वारा फिरला. आग बिळाच्या दारापर्यंत जाऊन विझली. बीळ वाचलं, पण भोवतीचा आडोसा गेला. आणि जळक्या रानावर मोकाट मांजर शिकारीला चार कोसांवरनं येतं.

दुसऱ्या दिवशी ते आलंच होतं. राखेत त्याची गोल पावलं.

"झ्याक," एल्सी म्हणाली. "वैनींनी जेवायला बलावलंय."

"वन्सं, तुमचं त्वांड मिटा. म्या बलावलं, म्याच वाट लावनार."

शेरिल म्हणाली, "आये, सापळा लावू. उद्या येतोय."

"सापळा उद्या येईल. मांजर आज सांजंला येईल."

आणि ती चालू लागली, मागनं त्या दोघी. हातात लोखंडी पहार, पायात लेकीचे जुने बूट. मांजर असं पळवून मारत नाहीत. त्याच्या मागं मागं चालत राहायचं, बसू द्यायचं नाही. ऊन चढतं तसं ते दमतं. एल्सीचा गुडघा बोलत होता, आणि गुडघ्यापेक्षा एल्सी जास्त. "अवो, ह्ये मांजर हाय का पोष्टमन? थांबतच न्हाई."

दुपारी डोरीन थबकली. मांजराचं पाऊल त्यांच्याच सकाळच्या पावलावर पडलेलं.

"फिरलंय. बिळाकडं निघालंय."

मग तिघींनी पाय उचलला, एल्सीच्या गुडघ्यानंसुद्धा. बाभळ हाकेच्या अंतरावर आली तेव्हा एका झुडपाखाली मांजर दिसलं; तोंड उघडं, कुशी हलत. डोरीननं एकच घाव घातला.

मग तिनं त्याचं पोट फाडलं. निनूची निळी लव आत निघाली असती, तर आगीचं पाप तिच्या माथी बसणार होतं. तीन सरडे निघाले, एक उंदीर आणि एका पाखराचा पाय.

"निनू न्हाई," ती म्हणाली आणि तिनं वाळूनं हात घासले.

एल्सीनं जाळ केला. राखेत मांजर भाजलं, राखेतच रोटी. जाड मांडी एल्सीनं स्वतःकडं ओढली. "गुडघ्याला बरी," म्हणाली. मग डोरीनच्या खिशात हात घालून लायटर काढला आणि आपल्या खिशात टाकला. डोरीन चावत राहिली.

सकाळी तिघी बिळापाशी गेल्या. दारातनं आईची पावलं बाहेर पडलेली, आणि तिच्या शेजारी बोटाच्या पेराएवढी चिमुकली पावलं. पंधरावीस हात जाऊन घाईनं परतलेली.

शेरिलनं फोटो काढला. डोरीन मात्र पालथी पडून, गाल वाळूला लावून बघत राहिली.

"उजवा पाय आत टाकतंय," ती म्हणाली. "टेकाडापल्याडच्या त्या लंगड्या निनूवर गेलंय. बाप त्योच."

"झालं," एल्सी म्हणाली. "निनूचाबी संसार मोडला हिनं."